तिसऱ्या खड्ड्यातलं पाणी

हिंगोलीच्या तळ्यासाठी जागा निवडायला सरकारनं जी माणसं पाठवली त्यांत मी होतो, असं मी पुष्कळ वर्षं छाती पुढं काढून सांगत असे. खरं म्हणजे पाणी, माती आणि दगड या तिन्हींतलं मला काही कळत नव्हतं. माझं उर्दू अक्षर तेवढं चांगलं होतं. निजामाच्या राज्यात कागद उर्दूत चालत आणि आमची गावं मराठीत बोलत, त्यामुळं मधे कुणीतरी लागायचं. मी तहसिलीत नकला करणारा कारकून होतो. एका सकाळी पेशकारांनी बोलावून सांगितलं, की हैदराबादहून इंजिनीअर साहेब आले आहेत, त्यांच्याबरोबर तीन गावं फिरायची, लोक बोलतील ते साहेबांना सांगायचं आणि साहेब सांगतील ते लिहायचं. काम सोपं वाटलं. तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि त्या वयाला सगळीच कामं सोपी वाटतात.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दीड वर्ष आधीचा हिवाळा होता. हिंगोलीला पाण्याची ओरड नवी नव्हती. होळी झाली की कयाधूच्या पात्रात नुसती वाळू राहायची, आणि बाया त्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. रेल्वे आल्यापासून आडत वाढली, माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं. म्हणून हुकूम निघाला, की गावाच्या वरच्या अंगाला एखाद्या ओढ्यावर लहानसं तळं बांधावं, पावसाचं पाणी त्यात साठवावं, ते हिंगोलीत आणून स्वच्छ करावं आणि नळानं द्यावं. हैदराबादेत कुणीतरी नकाशावर लाल पेन्सिलीनं तीन ठिपके दिले होते. तिन्ही ठिपके पुसेगावच्या अलीकडच्या टापूत होते. त्यांतला एक निवडायचा होता.

साहेब पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शेरवानीतले गृहस्थ होते. नोकरीचं एकच वर्ष उरलेलं. त्यांनी कुणाला अरेतुरे केलेलं मी ऐकलं नाही. सामानाच्या गाडीच्या बैलांनासुद्धा ते 'चलिए' म्हणतात, असं आमचे मोजणीची साखळी ओढणारे गडी सांगायचे. बैल चालत नसत, पण साहेबांनी भाषा बदलली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला काम समजावून सांगितलं. पावसाळ्यात इथं पाणी किती येईल, आलेलं पाणी जमीन धरून ठेवील की पिऊन टाकील, आणि तळं भरलं तर कुणाचं काय बुडेल, एवढं कळलं की जागा कळली. यातलं मधलं काम माझ्याकडं होतं. जागेवर हातभर खोल चौकोनी खड्डा खणायचा, पखालीनं पाणी आणून एक दिवस तो नुसता भिजवायचा, मग काठोकाठ भरायचा. मधोमध एक खुंटी ठोकलेली असे, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरावर खुणा. गुरं येऊ नयेत म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती बोटं उतरलं ते वहीत लिहायचं. साहेबांकडं इंचाची पट्टी होती, पण खुणा बोटांच्याच हव्यात असा त्यांचा आग्रह. म्हणायचे, "जिसकी जमीन है, उसको भी पढ़ना आना चाहिए."

पहिल्या गावात आम्ही डेरा टाकला तेव्हा गावचे पाटील स्वतः भेटायला आले. ओढ्याकाठी त्यांची हळद उभी होती, पानं हिरवीगार, माणसाच्या छातीएवढी. मी चावडीवर हुकूम वाचून दाखवला. हुकमात 'आब-ए-खाम' असा शब्द होता, म्हणजे न गाळलेलं पाणी. मी त्याचं 'कच्चं पाणी' केलं.

पाटील म्हणाले, "पाणी कच्चं असतंय व्हय? मंग आमी जल्मभर कच्चंच पिलो म्हणायचं."

मी साहेबांना विचारून सांगितलं, की ते इथं साठवायचं आणि हिंगोलीत शुद्ध करायचं.

"म्हंजे शिजवायचं हिंगोलीत," पाटील म्हणाले, "आन् चूल मांडायची आमच्या वावरात."

हे साहेबांना कसं सांगावं मला कळेना. मी म्हणालो, पाटील म्हणतात योजना उत्तम आहे. साहेबांनी मान हलवली.

मग साहेबांनी तीन पायांवर दुर्बीण मांडली. दुर्बिणीतून पाहून जमिनीचा उंचसखलपणा ठरवायचा असतो. समोर एक गडी रंगवलेली लांब पट्टी धरून उभा राहतो. पाटलांना पाहायची इच्छा झाली, साहेबांनी अदबीनं जागा दिली. त्या वेळच्या दुर्बिणींत सगळं उलटं दिसायचं. पाटील बराच वेळ डोळा लावून होते. मग सरळ उभे राहून म्हणाले, "गडी डोक्यावर उभा हाय. सरकारला आमी असेच दिसतो काय?"

हेही मी साहेबांना सांगितलं नाही.

खड्डा भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात थेंब नव्हता. काठोकाठ भरलेला हातभर खड्डा, आणि तळ कोरडा. पाटील हजरच होते. म्हणाले, "आमच्याकडली जमीन लई पाणी पेती." साहेब खड्ड्याच्या काठावर बसले. तळाशी अनवाणी पावलांचे ठसे होते, पाची बोटं स्पष्ट, आणि एका कोपऱ्यात फुटक्या घागरीचं खापर पडलेलं. साहेबांनी ते खापर उचललं, रुमालानं पुसलं आणि पाटलांच्या हातात दिलं. मला म्हणाले, "इनसे कहिए, जमीन ने पानी पिया, बर्तन वापस कर दिया."

मी हे मात्र शब्दशः सांगितलं. पाटलांनी खापर घेतलं आणि इकडचं तिकडचं बोलू लागले.

गंमत अशी, की पाटलांनी एवढी तकलीफ घ्यायची काही गरज नव्हती. साहेबांनी शेजारी दुसरा खोल खड्डा खणून घेतला होता. तीन पुरुष खोल गेलं तरी काळी मातीच लागत होती, खडकाचा पत्ता नाही. अशा मातीवर तळ्याची पाळ बांधली तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात खचते. जागा आपणहून बाद झाली. आम्ही निघताना पाटलांना वाटलं आपली युक्ती लागू पडली. त्या आनंदात त्यांनी पुरणपोळीचं जेवण घातलं, आणि साहेबांना आग्रह करकरून वाढलं. साहेब म्हणाले, एवढा जिव्हाळा त्यांना नोकरीत कुठं मिळाला नव्हता.

दुसरं गाव खालच्या अंगाला होतं आणि तिथं सगळं उलटं. त्यांच्या विहिरी माघातच तळाला जात. वर तळं झालं तर झिरपून आपल्या विहिरींना पाणी येईल, असं त्यांच्यातल्या कुणीतरी हिशोबानं काढलं होतं. डेऱ्यासाठी जागा झाडून ठेवलेली, पखाल भरायला माणसं तयार. म्हातारे आम्हाला ओढ्याकाठच्या एका लिंबाच्या झाडाकडं घेऊन गेले. बुंध्यावर छातीच्या उंचीवर चिखलाची रेघ होती.

एक म्हातारा म्हणाला, "आखाडातला पूर इथवर आल्ता. आमच्या वढ्याला पाण्याला तोटा न्हाई."

साहेबांनी रेघेवर नख टेकवलं. चिखल ओला होता. नख पुसत ते मला एवढंच म्हणाले, की यांना विचारा, तो आखाड परवाचा का कालचा. मी विचारलं नाही. ते सगळे म्हातारे होते आणि माझ्याकडं फार आशेनं पाहत होते.

तिथला खड्डा मी संध्याकाळी काठापासून चार बोटं खाली भरला होता. पखाली थकला होता आणि मलाही कंटाळा आलेला. वहीत तसं लिहून ठेवलं. सकाळी गेलो तर पाणी काठापासून दोन बोटं खाली. म्हणजे ते उतरायचं सोडून दोन बोटं चढलं होतं. मी तीनदा मोजलं. वर बाभळीच्या फांद्या नीट रचलेल्या, मी रचल्या होत्या त्याहून नीट.

साहेब आले आणि त्यांनी वाकून पाहिलं. मी विचारलं, काय लिहू?

"जो है वो लिखिए. दो उंगल इजाफा." मग जरा थांबून म्हणाले, की तीस वर्षांच्या नोकरीत घेणारी जमीन पुष्कळ पाहिली, देणारी पहिल्यांदा पाहिली.

मी आकडा लिहिला. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी सांगितलं ते लिहिलं, की गावकऱ्यांच्या सहकार्यामुळं हा आकडा विश्वासार्ह नाही. जागा बाद व्हायचं खरं कारण वेगळंच होतं. त्या ओढ्याचा उगम जेमतेम कोसभर वर होता, आणि तेवढ्याशा माळावरून तळं भरण्याइतकं पाणी कधीच आलं नसतं. निघताना एका म्हातारीनं माझ्या पिशवीत शेंगदाणे बांधून दिले. मी त्यांच्यासाठी काहीही केलं नव्हतं.

आता तिसरं गाव. हे गाव माझी सासुरवाडी होती, आणि हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. आधी वाटलं त्याचं काय एवढं, आणि नंतर वाटलं आता उशीर झाला. बायको संक्रांतीला माहेरी आलेली होती, ती तिथंच होती. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. ते कमी बोलणारे, लहान चणीचे शेतकरी. दोन वावरं घरालगत आणि दोन ओढ्याकाठी, असं त्यांचं एकूण होतं.

लग्नाला दोनच वर्षं झालेली, त्यामुळं मामा मला अजून पाहुण्यासारखं वागवत. मी सरकारी माणसांबरोबर आलेला पाहून त्यांनी चावडीवर मला रामराम केला तो इतरांसारखाच, ओळख न दाखवता. मला हायसं वाटलं. मीही ओळख दाखवली नाही. सगळं गाव आमच्याकडं पाहत होतं आणि सगळ्या गावाला मी कोण ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या साहेबांना, अशी माझी समजूत होती.

जागा मात्र पाहताक्षणी साहेबांचा चेहरा उजळला. दोन बुटके डोंगर जवळ आलेले, मधून ओढा, दोन्ही अंगांना काळा पाषाण उघडा पडलेला. मधल्या खोल खड्ड्यात पुरुषभर मुरूम आणि त्याखाली सलग खडक. वर तीन-चार कोसांचा माळ, सगळं पाणी इकडंच येणारं. बाजूला जादा पाणी सोडून द्यायला सांडव्याची जागा आयती. साहेब हातात खडा घेऊन उभे होते, आणि मला म्हणाले, इथं माणसानं फार काही करायचंच नाही, नुसतं दार लावायचं आहे.

ते दार लागलं की जी पंधरा-सोळा वावरं बुडणार होती, त्यांत मामांची ओढ्याकाठची दोन्ही होती.

मी चावडीवर हुकूम वाचला. ज्यांची जमीन बुडेल त्यांचे जबाब झाले. मामांची पाळी आली. साहेब विचारत, मी मराठीत सांगे, ते बोलत, मी उर्दूत सांगे. साहेबांनी विचारलं, या वावरात काय पिकतं?

मामा म्हणाले, "पिकायचं काय, दगड. पाऊस झाला तर जवारी इथवर येती," आणि त्यांनी गुडघ्याला हात लावला. "न्हाई झाला तर तीबी न्हाई."

मला वाटलं, भोळा माणूस आहे. सरकारपुढं आपली जमीन वाईट म्हणून सांगतो आहे, आणि वाईट म्हटली की ती बुडवायला सरकारला काहीच वाटणार नाही. त्यांना सांभाळून घेणं आपलं कर्तव्य आहे. मी साहेबांना म्हणालो, "हुजूर, कहते हैं जमीन अव्वल है. ज्वारी सर के ऊपर जाती है."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं. मामांचा हात अजून गुडघ्यावरच होता.

"लिख लीजिए," साहेब म्हणाले.

त्या दिवशी आम्ही खड्डा भिजवला, दुसऱ्या दिवशी भरला. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताना मी तिथं गेलो. पाणी फक्त एक बोट उतरलं होतं. तिन्ही गावांत मिळून ही पहिली जमीन, की जिच्यात कुणी पाणी ओतलं नव्हतं की उपसलं नव्हतं. गावानं आपलं सगळं माझ्यावर सोपवलं आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. वही उघडली आणि सहा बोटं लिहिलं. खुंटी तिथंच उभी होती, बोटाबोटाच्या खुणा असलेली, कुणीही येऊन पाहावी अशी. पण मला त्याची आठवण राहिली नाही. पहिल्यांदा खोटं लिहिणाऱ्याचं लक्ष सगळं कागदावर असतं.

डेऱ्यावर आलो. साहेबांनी वही मागितली, पान पाहिलं आणि आपला उजवा पंजा टेबलावर पसरून ठेवला.

"मुन्शीजी, ये छे उंगल किसके हाथ के हैं?"

माझी नजर त्या पाच बोटांवर गेली.

मग ते उर्दूतच, पण इतक्या हळू बोलले की बाहेरच्या गड्यांना ऐकू जाऊ नये. म्हणाले, की पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायला मी ओढ्यावर जातो. वाटेत खड्डा आहे. खड्डा पाहिल्याशिवाय मी कधी पुढं जात नाही. आज पाऊण बोट होतं, आत्तापर्यंत एक झालं असेल.

ते पुढं म्हणाले, "तीन दिन से गाँव से खाना आता है. आपकी रोटी पे घी रहता, मेरी पे नहीं. ससुराल है ना?"

"जी," मी म्हणालो.

मला वाटलं नोकरी गेली. मी वही पुढं ओढली आणि सहाचा आकडा खोडायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. "काटिए मत. कटा हुआ हैदराबाद में सबसे पहले पढ़ते हैं. नीचे लिखिए, दोबारा देखा, एक उंगल. दस्तखत कीजिए."

मी लिहिलं, सही केली. माझ्या चांगल्या अक्षरातली ती सर्वांत वाईट ओळ आहे. मग साहेब उठले, बूट घातले आणि मला घेऊन मामांच्या वावरात गेले. दहा पावलं चालले नाहीत तोच ठेचकाळले. वाकून दगड उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि तिन्ही माझ्या हातात दिले. म्हणाले, ही अव्वल जमीन. जबाबात दगडाळ अशी दुरुस्ती झाली.

दुपारी मी मामांच्या घरी गेलो. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मामा ओसरीवर दोर वळत होते. मी सगळं सांगितलं. म्हणालो, मी प्रयत्न केला मामा, पण जमीन वाचत नाही.

मामांचे हात थांबले. "वाचवा म्हणून कोण म्हणलं?"

त्यांनी दोर खाली ठेवला.

"तुमी चावडीवर अव्वल म्हणले ते मला कळलं. बाजारात बैल घेतो मी, अव्वल कशाला म्हणतेत ते कळतं. म्हणलं, मोठी माणसं, काही इचार असंल. पर तुमी त्याच्या आधी काय वाचून दाखवलं? जमिनीच्या बदली नदीकाठची सरकारी जमीन भेटंल. तुमच्याच तोंडानं वाचलं की."

वाचलं होतं. मी स्वतः वाचलेलं होतं, दोन्ही भाषांत, आणि त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

"माझ्या बापानं त्या वावरातले दगड येचले," मामा म्हणाले. "म्या येचून राहिलो. दर साली नांगर घातला की नवे वर येतेत. एकदा पाण्याखाली गेलं की येचायचं सरलं असतं. काळी जमीन पाहून मरावं वाटतं, एवढंच." ते रागानं बोलत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आतून बायको बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मामा गोठ्याकडं गेल्यावर ती म्हणाली, "एवढं सगळं लिहिलं, पुसलं. मला इचारलं काहून न्हाई? मी काय दूर होते? तुमच्या भाकरीला तूप लावून राहिले होते."

त्या तुपावरून साहेबांना सगळं कळलं, हे मी तिला सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तुमच्या साहेबाला डोळे होते.

अहवाल मीच लिहिला. तिसरी जागा सर्व दृष्टींनी योग्य, ताबडतोब काम सुरू करावं, असा. माझं अक्षर इतकं सुंदर आलं होतं की पेशकारांनी दोघातिघांना बोलावून दाखवलं. अहवाल हैदराबादला गेला. उत्तर यायला वर्ष लागलं. त्यात तिसऱ्या जागेबद्दल काहीच नव्हतं. विचारणा दुसऱ्या जागेची होती. नक्कल करताना तिथं कुणाकडून तरी शेऱ्याचा रकाना गळला होता, आकडा तेवढा राहिला. वरिष्ठांनी विचारलं होतं, की ज्या जमिनीत पाणी एका रात्रीत दोन बोटं वाढतं ती साठ्याला सर्वोत्तम का समजू नये, याचा खुलासा करावा.

साहेबांच्या नोकरीचे शेवटचे पंधरा दिवस राहिले होते. त्यांनी खुलासा पाठवला, की ते पाणी जमिनीनं दिलं नाही, माणसांनी दिलं. ते सेवानिवृत्त होऊन हैदराबादेत आपल्या घरी गेल्यावर त्यावर उलट पत्र आलं, की ती माणसं कोण, त्यांची नावं कळवावीत. मी त्या लिंबाखालचे म्हातारे आठवले आणि कळवलं, की नावं उपलब्ध नाहीत. मग लढाई सुरू झाली, लोखंडी नळ मिळेनासे झाले, आणि मिसल, म्हणजे त्या सगळ्या कागदांचं बाड, कपाटात गेली.

मामांना हे कुणी सांगायचं? ते मला काही विचारत नसत. पहिली दोन वर्षं त्यांनी त्या वावरातला एक दगड उचलला नाही. जाणारच आहे तर कशाला, असं त्यांच्या मनात असावं. नांगराचा फाळ दोनदा मोडला. तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो तर ते उन्हात वाकून दगड वेचत होते. मला पाहून थांबले नाहीत. मी टोपी काढून बांधावर ठेवली आणि त्यांच्यामागं वाकलो. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी रजा काढून आठ दिवस जात असे. कारकुनाच्या हातांना पहिल्या वर्षी फोड आले, मग येईनासे झाले. बांधावर दगडांची रास लांबत गेली, कमरेएवढी उंच झाली. एका उन्हाळ्यात मामांनी मला पाहुणे म्हणायचं सोडून नावानं हाक मारली, तेव्हा मी हातातला दगड खाली ठेवून दोन मिनिटं उगाच पाणी पीत बसलो.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. पावसाळा संपतासंपता उर्दू कागद मागं पडले आणि माझं चांगलं अक्षर एकाएकी कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. त्या धामधुमीत मी साहेबांना एक पत्र टाकलं होतं, खुशाली विचारणारं. उत्तर आलं नाही. ते पत्र त्यांना मिळालं का, ते कुठं होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळी झाल्यावर पुण्याकडचा एक तरुण इंजिनीअर आला. हुशार, तडफदार, खाकी अर्ध्या चड्डीतला. त्यानं कपाटातून मिसल काढली, आणि ती वाचता येणारा म्हणून मला बरोबर घेतलं. तिसऱ्याच जागेवर थेट जाऊ, असं तो म्हणाला, तेव्हा मला त्याच्याबद्दल आदर वाटला. आता दुभाष्याची गरज नाही, आपण सगळे मराठीच, असंही म्हणाला.

वावरात मामा हरभऱ्याच्या पेरणीची तयारी करत होते. इंजिनीअरनं विचारलं, "सदर भूखंडाचे धारक आपणच काय?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हे वावर तुमचंच का, म्हणतेत."

"व्हय."

"याची उत्पादनक्षमता साधारण कितपत?"

"काय पिकतं, म्हणतेत."

या खेपेला मी इंजिनीअरला आधीच सांगून टाकलं होतं, की हे माझे सासरे आहेत. आणि मनाशी ठरवलं होतं, की ते जे बोलतील ते जसंच्या तसं पोचवायचं.

मामा म्हणाले, "जमीन अव्वल हाय. जवारी डोक्याच्या वर जाती."

मी तसंच सांगितलं. इंजिनीअरनं मिसल माझ्यापुढं धरली. "पण इथं तर दगडाळ लिहिलंय असं तुम्हीच वाचून दाखवलंत. यातलं खरं काय?"

मामांना हे भाषांतराशिवाय कळलं. म्हणाले, "दगड व्हते. तिकडं बांधावर हायत, मोजून घ्या." आणि मग माझ्याकडं न पाहता, "आता हे पाण्याखाली न्हाई घालायचं, म्हणावं त्यांना."

मी सांगितलं. इंजिनीअर बांधावरच्या राशीकडं पाहत राहिला. मग त्यानं तिथंच वावरात खड्डा खणायला लावला. पद्धत तीच होती, खुंटीवर खुणा मात्र इंचाच्या होत्या. खड्डा भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं ते लिहिलं. पाणी पाऊण इंच उतरलं होतं, म्हणजे एक बोट. जमीन उत्तम पाणी धरत होती, आणि वर उत्तम पीकही देत होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्यामुळं इंजिनीअर पेचात पडला. त्यानं अहवालात लिहिलं, की या टापूत आणखी जागांची पाहणी व्हावी. कोणत्या जागांची, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं नकाशा उघडून मला पेन्सिल शोधायला सांगितलं.

तो गेला त्या दिवशी मामा खड्ड्याच्या काठावर उभे राहून मला म्हणाले, "बुजवू का?"

मी म्हणालो, नियमानं हुकूम येईपर्यंत उघडा ठेवायचा असतो.

"हरभरा हुकमासाठी थांबंल का?"

त्यांनी फावडं आणलं. मी चपला काढल्या आणि ते माती ओढत गेले तशी मी पायानं दाबत गेलो. दुपारपर्यंत वावर सपाट झालं, आणि मामांनी त्यावरून तिफण नेली.